शून्य नंबरचा झोन

मागच्या शनिवारी बोईसरला घरी गेलो होतो. आई माळा आवरत होती आणि मी खाली उभा राहून "हे ठेव, ते टाक" असे मौलिक सल्ले देत होतो. त्यात माझी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक वही निघाली. वहीत अभ्यासाचं काही नव्हतं (नसायचंच), पण मागच्या पानावर पेनाने गिरवून गिरवून लिहिलं होतं: ३२ × ३२ = १०२४. खाली दोन रेघा. आणि त्याखाली, "मावशीला फोन".

ही आकडेमोड मला चांगली आठवते, कारण ती करायला मला दोन महिने उशीर झाला होता.

तर झालं असं की नोव्हेंबर २०१८ मध्ये आमच्या पालघर जिल्ह्यात जमीन हलायला लागली. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा हा जो पट्टा आहे, तिथे. सुरुवातीला कुणालाच काही कळेना. खाणीत सुरुंग लावतायत, असं एकजण म्हणे. दुसरा म्हणे समुद्रात तेल शोधतायत, त्याचे हादरे. शटलमध्ये एका काकांनी तर बुलेट ट्रेनवर खापर फोडलं होतं, तेव्हा तिचा एक खांबसुद्धा उभा नव्हता. पण धक्के थांबेनात. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांनी येऊन यंत्रं बसवली, तेव्हा पक्कं झालं की हे भूकंपच आहेत. लहान, पण अगदी उथळ. म्हणून तर आकडा छोटा असूनही आवाज मोठा येतो. तोफ उडाल्यासारखा धडाम् आवाज आधी, मग भांडी वाजतात.

माझी मावशी तिकडे एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे. डिसेंबरपासून ती आणि तिच्या पाड्यावरचे सगळेच अंगणात झोपायला लागले. प्रशासनाने तंबू दिले होते. बाहेर थंडी, आणि मावशीला दमा. आईने मला सांगितलं, "तू इंजिनिअर होतोयस ना, मग सांग तिला काहीतरी." मी काँप्युटरचा इंजिनिअर होत होतो, पण आपल्याकडे इंजिनिअर म्हटलं की मिक्सरपासून भूकंपापर्यंत सगळं आलंच. मी कुठेतरी वाचलेलं ठोकून दिलं: "मावशी, छोटे छोटे धक्के येतायत हे उलट चांगलं आहे. जमिनीतली ऊर्जा हळूहळू निघून जाते, मग मोठा भूकंप येत नाही. तू घरात झोप."

मावशी म्हणाली, "बाळा, तुझं पुस्तक खरं असेल. पण माझ्या मांडणीला कळतंय ते तुझ्या पुस्तकाला कुठे कळतंय?" आणि ती बाहेरच झोपत राहिली.

मला तेव्हा राग आला होता. अडाणीपणा वाटला. आता थोडं मागे जाऊ या, कारण महाराष्ट्रात हा संवाद काही पहिल्यांदा होत नव्हता.

भारताचा भूकंप झोनचा पहिला अधिकृत नकाशा १९६२ सालचा. आयएस १८९३ नावाचं एक मानक आहे (१८९३ हा त्याचा क्रमांक आहे, साल नव्हे, मी बरेच दिवस फसलो होतो), त्यात तो छापला होता. त्या नकाशात सात झोन होते, शून्यापासून सहापर्यंत. हो, शून्य. म्हणजे नकाशावर चक्क असा प्रदेश रंगवलेला होता जिथे भूकंपाचा विचारच करायला नको. समज असा होता की भूकंप हिमालयात, आसामात, कच्छात होतात. दख्खनचं पठार म्हणजे जुना, थंड झालेला, निर्धास्त कातळ. शाळेत आम्हालाही तसंच शिकवलं होतं, 'दगडांच्या देशा' वगैरे अभिमानासकट.

आणि त्याच १९६२ साली कोयना धरणात पाणी साठायला लागलं. १०३ मीटर उंचीचं धरण, मागे शिवसागर जलाशय. पाणी चढलं तसे आसपासच्या गावांत हादरे जाणवायला लागले, जमिनीतून आवाज यायला लागले. यंत्रं बसवली, नोंदी सुरू झाल्या. १३ सप्टेंबर १९६७ ला पाच रिश्टरच्या वरचा एक धक्का बसला. आता एवढं झाल्यावर नकाशाबद्दल शंका यायला हवी की नाही? काहींना आलीही असेल, पण नकाशा होता तिथेच राहिला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला. कोयनानगर जवळजवळ भुईसपाट झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. कोयनेची वीज बंद पडल्याने तिकडे मुंबई अंधारात.

इथे मला एक तपशील फार आवडतो. कोयना धरण बांधणाऱ्या इंजिनिअरांनी हिशेबात भूकंपाचा आडवा जोर धरला होता ०.०५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसाव्या हिश्श्याइतका. प्रत्यक्षात धरणाच्या आतल्या यंत्रावर नोंद झाली ०.६ जीच्याही वर. बारापट! (हे दोन्ही आकडे तंतोतंत एकाच जातीचे नाहीत, सिव्हिलवाल्यांनी माफ करावं.) धरणाला वरच्या बाजूला आडव्या चिरा गेल्या, पण ते टिकलं. पुढे मागून काँक्रीटचा आधार देऊन ते मजबूत केलं. म्हणजे कुणीतरी कागदावर बसून, 'निर्धास्त' समजल्या जाणाऱ्या पठारावरसुद्धा भूकंपाच्या खात्यात शून्य न लिहिता ०.०५ लिहिलं होतं. आकडा साफ चुकीचा निघाला. पण शून्य नव्हता.

ह्या शून्याचं महत्त्व मला नोकरीला लागल्यावर कळलं. ऑफिसात स्पॅम ओळखणाऱ्या एका प्रोग्रॅमवर काम करताना बेझचं सूत्र रोज वापरायला लागायचं. थॉमस बेझ हा इंग्लंडमधला एक पाद्री. त्याचा निबंध तो गेल्यावर १७६३ मध्ये त्याच्या मित्राने, रिचर्ड प्राइसने, छापून आणला. सूत्र साधं आहे. आधी तुमचा एक अंदाज असतो. मग नवी माहिती येते. तुमचं म्हणणं खरं असेल तर ही माहिती दिसण्याची शक्यता किती, आणि खोटं असेल तर किती, ह्यांच्या गुणोत्तराने जुना अंदाज गुणायचा. झाला नवा अंदाज.

समजा (आकडे माझ्या मनचे आहेत) आपल्या भागात मोठा भूकंप येण्याची शक्यता शंभरात एक धरली, म्हणजे १ ला ९९. आता लहान धक्क्यांची रांग लागली. मोठा येणार असेल तर अशी रांग आधी दिसण्याची शक्यता निम्मी धरू, आणि येणार नसेल तर वीसात एक. गुणोत्तर दहा. १ ला ९९ चं झालं १० ला ९९. म्हणजे शंभरात एकवरून आपण एकदम शंभरात नऊवर आलो. अजूनही 'बहुतेक येणार नाही' असंच उत्तर आहे, पण हे नऊ दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

आणि सुरुवात शून्यापासून केली असेल तर? शून्य गुणिले दहा, शून्य. गुणिले हजार, शून्य. रोज भांडी पडली, भिंतीला भेगा गेल्या, तरी उत्तर शून्यच. डेनिस लिंडली नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ह्याला 'क्रॉमवेलचा नियम' असं नाव दिलं. ऑलिव्हर क्रॉमवेलने १६५० मध्ये स्कॉटलंडच्या चर्चला पत्र लिहून, तुमचं चुकत असू शकतं एवढी शक्यता तरी मनात धरा, अशी विनवणी केली होती. त्यांनी काही धरली नाही आणि पुढे लढाई झाली. ते असो.

कोयनेनंतर १९७० मध्ये नवा नकाशा आला. कोयनेचा भाग उचलून थेट झोन चारमध्ये टाकला. ते तर व्हायचंच होतं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शून्य नंबरचा झोन कायमचा काढून टाकला. कुठल्याही जागेला 'इथे भूकंप होणारच नाही' असं म्हणणं शास्त्राला धरून नाही, हे तेव्हा मान्य झालं. आपल्याकडच्या एका सरकारी मानकाने बेझचं नाव न घेता क्रॉमवेलचा नियम मान्य केला, तोही १९७० साली! मला हे कळलं तेव्हा मी रात्री दीड वाजता रूममेटला उठवून सांगितलं होतं. त्याची प्रतिक्रिया इथे लिहिण्यासारखी नाही. :)

धरणामुळे भूकंप होतो का, ह्यावर मात बराच काळ भांडण चाललं. अमेरिकेत हूव्हर धरणामागच्या लेक मीडमध्ये १९३० च्या दशकात, आफ्रिकेत करिबाला, ग्रीसमध्ये क्रेमास्टाला असंच काहीसं दिसलं होतं. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेच्या नोंदी वर्षानुवर्षं पाण्याच्या पातळीशी ताडून पाहिल्या. तरी 'योगायोग' म्हणणारे होतेच. मग जवळच दक्षिणेला वारणा धरण भरायला लागलं आणि भूकंपांची वस्ती दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला सरकली. नव्वदच्या दशकात तिथेही पाचच्या वरचे धक्के बसले. मला विचाराल तर इथे योगायोगवाल्यांनी हत्यारं ठेवायला हवी होती. पाणी भूकंप 'तयार' करत नाही, आधीच ताणलेल्या खडकाला शेवटचा धक्का देतं, असं आता बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

पण बदललेला विश्वास किती बदलायचा, हाही एक प्रश्नच असतो. कोयनेपासून महाराष्ट्राने धडा घेतला तो असा: भूकंप म्हणजे कोयना, भूकंप म्हणजे धरण. नकाशावर कोयनेभोवती एक गडद डाग पडला आणि बाकीचं पठार पुन्हा निवांत. शून्य नंबर गेला, त्या जागी एक नंबर आला, एवढंच.

लातूर जिल्ह्यातलं किल्लारी त्या झोन एकमध्ये होतं. १९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारीच्या आसपास लहान धक्क्यांची रांगच लागली, शंभराच्या वर. लोक घाबरले. मग धक्के ओसरले. जवळजवळ वर्ष गेलं. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र सरत आलेली, विसर्जनं आटोपून लोक उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार मुंबईत जागे होते, हादरा जाणवल्यावर त्यांनी आधी कोयनेला चौकशी केली, असं त्यांनी नंतर सांगितलंय. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. भूकंप म्हणजे कोयना.

किल्लारी आणि सास्तूरकडच्या गावांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. काही हिशेब दहा हजारांपर्यंत जातात. मारलं ते भूकंपापेक्षा घरांनी. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर लाकडावर फूट-दोन फूट मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं, पिढ्यान् पिढ्या 'भक्कम' समजलं गेलेलं घर. माझ्या ऑफिसात एक उमरग्याचा मित्र आहे. तो म्हणतो, त्याचे आजोबा त्यानंतर दगडी घरात झोपले नाहीत ते नाहीतच. वाड्याच्या पुढे पत्र्याची शेड घातली आणि मरेपर्यंत तिथेच, मे महिन्यातसुद्धा. नकाशाला मात्र झोन एक काढून टाकायला २००२ साल उजाडलं. त्या नकाशात किल्लारी झोन तीनमध्ये गेलं आणि देशात दोन ते पाच असे चारच झोन राहिले. आजोबांनी एका पहाटेत जे केलं त्याला मानकाला नऊ वर्षं लागली. अर्थात आजोबांना समितीची बैठक घ्यावी लागली नाही, हेही खरं.

आता पुन्हा जानेवारी २०१९ कडे येतो.

१ फेब्रुवारी २०१९, शुक्रवार. टीव्हीवर बजेट चालू होतं. दुपारी ४.१ चा धक्का बसला, तोपर्यंतचा सगळ्यात मोठा. मी कॉलेजात होतो. मावशीचा फोन लागेना. दोन तास लागेना. त्या दोन तासांत मी पहिल्यांदा, खरंच पहिल्यांदा, तिला जे ठोकून दिलं होतं ते नीट तपासायला बसलो. रिश्टरचा आकडा एकने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. चारवरून सहावर जायचं तर ३२ गुणिले ३२. म्हणजे सहाच्या एका भूकंपाची ऊर्जा लहान धक्क्यांनी 'हळूहळू काढून' टाकायची तर चारचे हजार धक्के लागतील. आमच्याकडे चारच्या घरातले तेव्हा बोटावर मोजण्याइतकेही नव्हते. बाकीचे हजारो तीनच्या, दोनच्या आतले, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात चिल्लर. माझी थिअरी तीन ओळींत मेली.

मावशी ठीक होती. मुलांना घेऊन मैदानात बसली होती, फोन वर्गात राहिला होता. पण त्या दिवशी हळदपाड्याला दोन वर्षांची एक मुलगी गेली. भिंत पडून नव्हे. धक्का बसल्यावर सगळे बाहेर पळाले, त्यात ती दगडावर पडली.

पुढे मी इटलीतल्या लाक्विलाबद्दल वाचलं आणि पोटात गोळा आला. तिथेही २००९ च्या सुरुवातीला महिनोन् महिने लहान धक्के चालू होते. मार्चअखेर तज्ज्ञांची बैठक झाली, आणि एका सरकारी अधिकाऱ्याने टीव्हीवर लोकांना सांगितलं की सतत ऊर्जा बाहेर पडतेय, ही चांगलीच गोष्ट आहे. म्हणजे अक्षरशः मी मावशीला सांगितलं तेच. त्या गावात जुनी रीत होती, धक्का बसला की रात्र चौकात काढायची. ६ एप्रिलच्या रात्री आधी एक धक्का बसला, पण काही लोक ते ऐकलेलं आठवून घरातच थांबले. पहाटे मोठा आला. तीनशेच्या वर माणसं गेली. २०१२ मध्ये सात जणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली, जगभर आरडाओरडा झाला की शास्त्रज्ञांना भूकंप वर्तवला नाही म्हणून शिक्षा देतात. २०१४ मध्ये अपिलात सहा शास्त्रज्ञ सुटले, त्या अधिकाऱ्याची शिक्षा कमी करून ठेवली. माझ्यावर कोणी खटला भरणार नव्हतं. माझ्या मावशीने माझं ऐकलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

पण गंमत बघा, इतिहास दुसऱ्या बाजूनेही साक्ष देतो. जुन्या ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यात खर्डीजवळ, भातसा धरण भरताना १९८३ मध्ये अशीच धक्क्यांची रांग लागली होती. सगळ्यात मोठा पाचच्या जरा आतला, आणि मग ते शांत झालं. गुजरातेत वलसाडकडे १९८६ मध्ये तसंच. बहुतेक रांगा काही न होता विरतात. कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून काढलेला ढोबळ अंदाज असा की पाचच्या एखाद्या धक्क्यानंतर आठवड्याभरात त्याहून मोठा येणं हे शंभरात पाचेक वेळा होतं. पालघरलाही २०१९ आणि २०२० मध्ये चारच्या आसपासचे आणखी धक्के बसले, पुढेही अधूनमधून बसत राहिले, पावसाळ्यानंतर जोर जास्त. खडकांच्या भेगांतून खोल झिरपणाऱ्या पाण्याचा ह्यात हात असावा, असं संशोधकांचं म्हणणं आहे. मोठा आलेला नाही. म्हणजे किल्लारी आठवून घाबरायचं, की भातसा आठवून निवांत राहायचं? मी बोईसरचा, त्यामुळे ह्या प्रश्नाला एक शेपूटही आहे. धुंदलवाडीपासून तारापूरचं अणुकेंद्र सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचं बांधकाम कोयनेचा भूकंप झाला तेव्हा चालूच होतं. २०११ मध्ये फुकुशिमा झाल्यावर देशातल्या सगळ्या अणुकेंद्रांची फेरतपासणी झाली. तरी प्रत्येक धक्क्यानंतर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न तोच असतो, आणि तो विचारणाऱ्याला मी आता हसत नाही.

मला जे तेव्हा कळलं नव्हतं ते हे, की मावशीने 'मोठा भूकंप येणारच' असं कधी मानलंच नव्हतं. ती शंभरातल्या नऊवर वगैरे असेल, मनातल्या मनात. पण अंगणात झोपण्याची किंमत म्हणजे थंडी आणि दम्याचा पंप. घरात झोपून चुकण्याची किंमत म्हणजे मंगलोरी कौलं आणि विटांची भिंत. तिच्या शेजारच्या वारली कुटुंबाचं घर कुडाचं होतं, कारवीच्या काठ्या आणि वर शेणमातीचं लिंपण. ते लोक तिच्याआधी महिनाभर घरात झोपायला गेले होते. त्यांचं म्हणणं, कूड अंगावर पडला तरी माणूस धूळ झटकून उठतो. धक्के तेच, शक्यता तीच, पण भिंत वेगळी म्हणून निर्णय वेगळा. मी मात्र दोघांनाही सरसकट घाबरट ठरवून मोकळा झालो होतो.

वही हातात घेऊन मी मागच्या शनिवारी मावशीला फोन केला. सांगितलं, तुझं तेव्हा बरोबर होतं. तिला आधी कळेचना मी कशाबद्दल बोलतोय. मग हसली. म्हणाली, "अरे, आता आतच झोपते मी. वर्षं झाली." मग तू पण मत बदललंस की, मी म्हटलं. तर म्हणाली, "बदललं म्हणजे काय! पलंग त्या विटांच्या भिंतीपासून सरकवून दाराशी आणलाय. चपला आणि बॅटरी उशाशी. आणि कडी नाही लावत, नुसती दोरी बांधते."